चतुःसीमा

मी हवालदार जयमाला तौर, बक्कल नंबर अठराशे बारा, पाथरवळण पोलीस ठाणे. चोवीस वर्षं नोकरी झाली, त्यातली सतरा रायटर म्हणून. रायटर म्हणजे साहेब तपास करतात आणि त्याचे कागद जो काळे करतो, तो माणूस. माझं अक्षर भिकार आहे. पण माझ्या पंचनाम्यात वकिलाला फट सापडत नाही, हे मी छातीठोक सांगते. आणि त्याच पंचनाम्यापायी आमचा भागवत गेला. बाकी सगळे काय काय कारणं सांगतात, सांगू देत. मला माहीत आहे.

२०३७ साली आमच्या ठाण्यात ती पेटी आली. सरकारी नाव होतं मनोबल परीक्षण यंत्र. आतून बाईचा आवाज यायचा, म्हणून आम्ही तिला नुसतं बाई म्हणायला लागलो. मुद्देमालाची खोली अर्धी रिकामी करून तिला जागा दिली. एक खुर्ची, एक माईक, मनगटाला बांधायचा पट्टा आणि वर एक दिवा. ड्युटीवर मयत बघितलं की सहा तासांच्या आत प्रत्येकानं बाईसमोर सात मिनिटं बसायचं, असा हुकूम होता. हुकूम काही वाईट हेतूनं निघाला नव्हता. त्याआधीच्या वर्षात आमच्या खात्यातल्या किती जणांनी स्वतःला संपवलं होतं ते आम्हाला माहीत होतं, त्यातल्या काहींच्या घरी आम्ही जाऊन आलो होतो.

पेटी बसवायला डेंगळे नावाची इंजिनिअर आली होती. चुणचुणीत पोरगी. तिनं आम्हाला बाकावर बसवून समजावलं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं समजावलं. मेंदूतून एक लांब मज्जातंतू निघतो, तो गळ्यातून हृदयापर्यंत आणि पुढं पोटापर्यंत जातो. त्याचीच एक फांदी स्वरयंत्राला मिळते. म्हणून हृदयाला धक्का बसला की आवाजात बारीक थरथर येते, आपल्या कानाला कळत नाही इतकी बारीक. बाईला ती कळते. आधी तीन मिनिटं ती साध्या गोष्टी विचारते, काय जेवलात, घरी कसं आहे. मग चार मिनिटं घडलेलं सांगायचं. दोन्ही आवाजांत फरक जास्त पडला तर माणूस हादरलेला, दिवा लाल. फरक नसला तर माणूस सावरलेला, दिवा हिरवा.

"आणि आम्ही जे बोलू ते वर कोण ऐकणार?" मी विचारलं.

"कुणीच नाही मॅडम. शब्द आत जाताजाताच पुसले जातात. राहते फक्त थरथर."

हे ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. शब्द ठेवणार असते तर आमच्यातला एकही माणूस त्या खुर्चीवर टेकला नसता.

भागवत सुरनर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा. हायवेवरच्या अपघातांची ड्युटी त्याची. बडबड्या माणूस! पोह्यावर लिंबू नाही म्हणून कँटीनवाल्या गफारभाईंशी दहा मिनिटं भांडायचा आणि त्याच गफारभाईंच्या आईला दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी काढायचा. बायको मोहिनी, आठ वर्षांची मुलगी आर्वी. आर्वीचं कौतुक ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

जून महिन्यात शाळेची व्हॅन कंटेनरखाली गेली. भर दुपारी. एक मुलगी आत अडकली होती. क्रेन यायला चाळीस मिनिटं लागली, तेवढा वेळ भागवत पत्र्याखाली आडवा पडून तिचा हात धरून होता. ती सारखं एकच विचारत होती, "काका, माझं दप्तर कुठंय? मम्मी रागवंल." हा म्हणत होता, "आहे बाळा, माझ्याजवळ आहे." नव्हतं. क्रेन आली तेव्हा तिचं विचारणं थांबलेलं होतं.

त्या संध्याकाळी तो बाईसमोर बसला आणि दिवा लाल झाला. होणारच की! नसता झाला तर मी त्याच्याशी बोलले नसते.

लाल झालं की पिस्तूल जमा आणि साठ दिवस मुख्यालय. तिथं डॉक्टर भेटेल असं कागदावर होतं, पण डॉक्टरची जागा भरलेलीच नव्हती. एका खोलीत पडद्यावर समुद्राच्या लाटा दिसायच्या आणि दीर्घ श्वास घ्या म्हणायचे. उरलेला वेळ भागवतनं मुख्यालयाच्या बागेला पाणी घातलं. परत आला तेव्हा ठाण्यातली टवाळ मंडळी तयारच होती. "या, लाल दिवा, या! सलाम ठोकू का?" तो हसला. पण दुपारी डबा उघडल्यावर माझ्याजवळ सरकून बसला.

"ताई, शाळेला जाताना क्वार्टरमधल्या पोरांनी आर्वीला सांगितलं, तुझे पप्पा फेल झाले."

"पोरंच ती. विसरतील."

"ती नाही विसरत. मला म्हणाली, पप्पा, पुढच्या वेळी नीट अभ्यास करून जा." त्यानं घास तसाच डब्यात ठेवला. "पुन्हा लाल नको, ताई. हायवे आहे, आज ना उद्या कुणीतरी मरणारच आहे. काहीतरी सांगा मला."

आणि मी सांगितलं. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त, मला एक गोष्ट येत होती ती दाखवायची खुमखुमी होती.

"बस इथं," मी म्हणाले. "त्या व्हॅनचा पंचनामा सांग."

त्याचा चेहरा पडला. "ती मुलगी—"

"मुलीपासून नाही, येड्या. पंचनामा कुठून सुरू होतो?"

"चतुःसीमेपासून."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचनामा कशाचाही असो, आधी जागेच्या चारी बाजू लिहायच्या. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस, दक्षिणेस. कोर्टाला जागा कळावी म्हणून ते असतं. पण सतरा वर्षांत मला त्याचा दुसरा उपयोग कळला होता. पूर्व-पश्चिम लिहून होईपर्यंत हाताची थरथर थांबते. उत्तर लिहिली की श्वास जागेवर येतो. दक्षिण संपते तोवर समोरचं माणूस माणूस राहत नाही, सदर मयत होतं. मग त्याचे डोळे, कपडे, जखमा, काही लिहिता येतं. मी असंच लिहीत आले आणि घरी जाऊन भाकरी खात आले.

"पूर्वेस बंद ढाबा," भागवत डोळे मिटून म्हणाला. "पश्चिमेस दुभाजक, त्यात कण्हेरीची झाडं. उत्तरेस पाथरवळणकडे जाणारा रस्ता. दक्षिणेस..." तो अडला. "दक्षिणेस दप्तर होतं, ताई. नंतर सापडलं."

"दक्षिणेस किलोमीटरचा दगड, क्रमांक दोनशे एकोणीस. म्हण."

"दप्तर होतं."

"म्हण म्हणते ना!"

"दक्षिणेस किलोमीटरचा दगड," तो म्हणाला. "क्रमांक दोनशे एकोणीस."

त्यानं आठवडाभर सराव केला. पुढच्या अपघाताला दिवा हिरवा झाला, मनोबलाचा अंक शंभरात एकाहत्तर. नंतर ऐंशी. मग हळूहळू बाकीचे यायला लागले. "ताई, आम्हालाही सांगा ना ती चतुःसीमा." चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती शाळा भरायची. तेवीस जणांना मी शिकवलं. अख्खं ठाणं हिरवं झालं. वरून शाबासकी आली. आमचे पीआय खैरमोडे साहेब, माणूस सज्जन, त्यांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. आणि गणेशोत्सवाच्या बंदोबस्तानंतर भागवतला प्रशस्तिपत्रक मिळालं. जिल्ह्यात सर्वोत्तम मनोबल, अंक सत्त्याण्णव. फोटोत तो सरळ उभा आहे आणि समोर बघतोय. मी तो फोटो तेव्हा नीट बघितला नाही.

मग एका दुपारी डबा खाताना मी सहज विचारलं, "काय रे, आर्वीचा वाढदिवस कसा झाला?"

"सायंकाळी सहा वाजता सुरू झाला," तो म्हणाला. "केक एक, चॉकलेटचा. मुलं अकरा हजर होती. साडेसातच्या सुमारास संपला."

मला आधी वाटलं थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा. तो हसला नाही. तो भेंडीची भाजी खात होता, ज्या आवाजात त्यानं सकाळी एका मोटरसायकलवाल्याच्या कवटीबद्दल सांगितलं होतं, अगदी त्याच आवाजात त्यानं लेकीचा वाढदिवस सांगितला होता. पोह्यावर त्या दिवशीही लिंबू नव्हतं. तो काही बोलला नव्हता. गफारभाई मला दोनदा म्हणाले होते की सुरनरदादा आता भांडत नाहीत, आणि मी त्यावर बरं झालं म्हणाले होते.

मी उठून बाहेर गेले आणि डेंगळेला फोन लावला.

"बाई फरक मोजते ना?" मी विचारलं. "साधं बोलणं आणि मयताचं बोलणं, त्यातला?"

"हो मॅडम."

"मग एखाद्याचं साधं बोलणंच मेलं असेल तर? दोन्हीकडं सारखंच मेलेलं?"

"तर फरक शून्य येईल. हिरवा येईल," ती म्हणाली. "मॅडम, तशी केस आमच्या नमुन्यात नव्हती. नमुना कॉलेजच्या मुलांचा होता. तुम्ही एक करा, लेखी कळवा, काय झालं, कसं झालं, कुणी काय शिकवलं. तुमच्या साहेबांच्या सहीनं. मी लगेच सगळ्यांची फेरतपासणी लावते."

कुणी काय शिकवलं. मी फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिले. मी लिहून दिलं असतं तर मी निलंबित झाले असते, ते एक. तेवीसच्या तेवीस माणसं लाल झाली असती, निवडणूक तोंडावर होती, ठाण्याला कुलूप लावावं लागलं असतं, ते दुसरं. मी स्वतःला दुसरं कारण सांगत राहिले. खरं पहिलंच होतं.

चार दिवसांनी, सोमवारी, मोहिनी ठाण्यात आली. आजवर ती कधी आली नव्हती. पदराआडून तिनं आर्वीची एक वही काढली.

"जयाताई, हे बघा. हे रोज लिहितात. मी विचारलं तर म्हणतात, कामाचं आहे."

मागच्या पानांपासून भागवतचं अक्षर होतं. मी वाचलं.

"घराची चतुःसीमा. पूर्वेस जिना. पश्चिमेस क्वार्टर क्रमांक सात. उत्तरेस पाण्याची टाकी. दक्षिणेस मोकळी जागा. आत प्रवेश केला असता एक स्त्री, वय अंदाजे तीस, कणीक मळत असलेली. एक मुलगी, वय आठ, गृहपाठ करीत असलेली. मुलीजवळ दप्तर एक, रंग निळा, वापरते. पलंगावर एक इसम, वय अंदाजे चौतीस, बांधा मध्यम, डोळे उघडे. सदर इसमास हाका मारल्या असता प्रतिसाद नाही. ओळख पटविणारे कोणी हजर नाही."

अशी एकोणीस पानं होती. मजकूर तोच, तारखा वेगळ्या.

"मी हाका मारते ताई," मोहिनी रडायला लागली. "मी हाका मारते, आर्वी मारते. ते ओ देतात. पण खरंच देत नाहीत. तुम्ही सांगा ना साहेबांना, तुमचं ऐकतील."

"आत्ता सांगते," मी म्हणाले.

आधी भागवतला गाठलं. तो गाडीपाशी उभा होता.

"वहीत काय लिहितोस रे?"

"सराव, ताई," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, रोज करत जा."

"बंद कर तो सराव. माझ्यावर ओरड, शिव्या घाल, काहीही कर. त्या पोरीचं दप्तर कुठं होतं, सांग मला."

तो विचार करत राहिला. खरोखर आठवत होता. "दक्षिणेस किलोमीटरचा दगड आहे," तो म्हणाला.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. वही टेबलावर ठेवली. सुरनरची तब्येत बरी नाही, मी म्हणाले, त्याचं पिस्तूल काढून घ्या, त्याला खऱ्या डॉक्टरकडं पाठवा, जिल्ह्यात नसेल तर बाहेर पाठवा. साहेबांनी वही चाळली. मग पडद्यावर त्याचं नाव काढलं.

"तौरबाई, हा आकडा बघा. सत्त्याण्णव. वर काय लिहू मी, माणूस फारच शांत आहे, सबब उपचार व्हावेत?"

"आकडा खोटा आहे, साहेब."

"कशावरून?"

इथं माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चार शब्दांचं होतं. मी त्याला शिकवलं म्हणून. साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांच्यामागं भिंतीवर ते प्रशस्तिपत्रक लावलं होतं, ठाण्याचं नाव सोनेरी अक्षरात.

"त्याची बायको म्हणते," मी म्हणाले.

"घरोघरी बायका म्हणतात हो. बरं, असं करू. निवडणूक उरकली की मी स्वतः बोलतो त्याच्याशी."

मी कच खाल्ली. सलाम केला आणि बाहेर आले. शुक्रवारी सुट्टी घेऊन निवांत बसायचं आणि डेंगळेला सगळं लिहून द्यायचं, असं मी ठरवलं. शुक्रवारी.

गुरुवारी सकाळी आठच्या हजेरीला मी नंबर पुकारले. भागवतच्या नंबरला ओ आली नाही. मी पुन्हा पुकारला. मग नफिसा तांबोळीला क्वार्टरवर पिटाळलं. नफिसा आमच्याकडं नुकतीच बदलून आलेली शिपाई, ठाण्यात येऊन पंधरा दिवस झाले होते. माझ्या टेबलाभोवतीच्या शाळेत ती अजून बसली नव्हती. पाच मिनिटांत तिचा फोन आला. नुसतं तिचं रडणं ऐकू येत होतं, मला कळलं.

तो कसा गेला ते मी सांगणार नाही. ते कागदावर आहे, तिथंच राहू दे. आर्वी शाळेत गेली होती. मोहिनी तिला व्हॅनपर्यंत सोडून, भाजी घेऊन परत आली होती. आता ती जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि शेजारणीनं तिला धरलं होतं.

"तुम्ही साहेबांना सगळं सांगितलं होतं ना, ताई?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. देवा शप्पथ सांगते, मी तिच्या तोंडावर हो म्हणाले.

पंचनामा लिहायला दुसरं कोणी पुढं होईना. सगळे माझ्याकडंच बघायला लागले. मी पॅड मांडीवर घेतलं. पूर्वेस जिना. पश्चिमेस क्वार्टर क्रमांक सात. उत्तरेस पाण्याची टाकी. दक्षिणेस मोकळी जागा. भागवतनं एकोणीस वेळा लिहिलेलं मी विसावं लिहिलं, आणि माझ्या हातून एकाही अक्षराची खाडाखोड झाली नाही. शेवटी आमचं नेहमीचं वाक्य लिहिलं, पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे. पंचांच्या सह्या घेतल्या.

दुपारी मी बाईसमोर जाऊन बसले. मला लाल व्हायचं होतं. अख्ख्या हिरव्या ठाण्यात मीच लाल झाले की चौकशी लागणार, मग मी सगळं सांगणार, तेवीस जणांना बाहेर काढणार. एवढं तरी करायचंच, असं मनाशी घट्ट धरून मी पट्टा बांधला.

"आज काय जेवलात?" बाईनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. घरी कोण असतं विचारलं, तेही सांगितलं.

"आता घडलेली घटना सांगा."

भागवत, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तो लिंबावरून भांडायचा ते सांगायचं होतं. आर्वीचं सांगायचं होतं. मला गळा काढून रडायचं होतं हो, माझा भाऊ होता तो! आणि माझ्या तोंडातून आलं, "पूर्वेस जिना."

मी थांबले. जीभ चावली. पुन्हा सुरुवात केली. "मी हवालदार जयमाला तौर. भागवत सुरनर यांना पंचनाम्याप्रमाणे बोलण्यास मी शिकवले. त्यांची स्थिती मला सात दिवस आधी माहीत होती. साहेबांना मी पूर्ण सांगितले नाही. त्यांच्या मृत्यूस मी जबाबदार आहे." सगळं सांगितलं. एक शब्द राखून ठेवला नाही. माझा आवाज मला ऐकू येत होता. कोर्टात मजकूर वाचून दाखवावा तसा तो येत होता, आणि मी कितीही ओढलं तरी तो हलत नव्हता. डोळे कोरडे होते. शब्द आत जात होते आणि पुसले जात होते.

दिवा हिरवा झाला.

"धन्यवाद, हवालदार जयमाला तौर," बाई म्हणाली. "आपले मनोबल उत्तम आहे. अंक अठ्ठ्याण्णव."

मी पट्टा सोडला आणि बाहेर आले. बाकावर नफिसा बसली होती, तिची पाळी होती. तिचे डोळे सुजले होते, नाक लाल झालं होतं, हुंदक्यानं खांदे हलत होते. सगळ्या ठाण्यात तेवढी एकच रडत होती. तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

"ताई, माझी पहिलीच वेळ आहे. मला लाल नाही व्हायचं, घरी काय सांगू? मला बोलताच येईना. कुठून सुरू करू?"

रड म्हणून सांगायचं होतं तिला. आत जा आणि अशीच रड, लाल हो, साठ दिवस बागेला पाणी घाल, पण अशीच राहा. मी ते सांगायला तिच्याशेजारी बसले.

"डोळे पूस," मी म्हणाले. "पूर्वेस काय होतं?"